सूर्य फुकट, भांडवल महाग

हवामानबदल हा विषय आता परिसंवादांपुरता मर्यादित राहिलेला नाही. तापमानाच्या नोंदी ठेवण्यास आरंभ झाल्यापासूनचे सर्वाधिक उष्ण वर्ष म्हणून २०२४ ची नोंद झाली. औद्योगिकीकरणापूर्वीच्या काळाशी तुलना करता पृथ्वीचे सरासरी तापमान त्या वर्षी प्रथमच दीड अंश सेल्सिअसहून अधिक वाढलेले आढळले. ही आकडेवारी शास्त्रज्ञांच्या अहवालातील असली, तरी तिचे पडसाद आपल्या शाखांच्या खातेवह्यांत उमटतात. अवकाळी पावसाने आडवे झालेले पीक, पुरात भिजलेला दुकानातील माल, उन्हाच्या तडाख्याने बंद राहिलेले बांधकाम या साऱ्यांची अखेर कोठे ना कोठे थकलेल्या हप्त्यात होते. म्हणून हवामानाचा प्रश्न हा पर्यावरणप्रेमींचा जितका आहे तितकाच तो ठेवीदारांचा, कर्जदारांचा आणि बँकेच्या कर्मचाऱ्यांचाही आहे.

या संकटावरील उपाय म्हणून हरित तंत्रज्ञानाचे नाव घेतले जाते. त्याविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, विज्ञान नवनवी यंत्रे शोधील, ती दिवसेंदिवस स्वस्त होतील आणि प्रश्न आपोआप सुटेल. दुसरा पक्ष म्हणतो की, यंत्रांनी निर्माण केलेले संकट यंत्रांनीच दूर होईल ही कल्पनाच भाबडी आहे. माणसाने गरजा कमी करणे हाच खरा मार्ग. दोन्ही मतांत तथ्यांश आहे. परंतु दोहोंच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. सौरऊर्जा, पवनऊर्जा, कमी वीज खाणारे दिवे आणि पंप ही साधने आज उपलब्ध आहेत, पारखलेली आहेत आणि बहुतेक ठिकाणी दीर्घ मुदतीच्या हिशेबात स्वस्तही आहेत. तरीही ती ज्या वेगाने पसरावयास हवीत त्या वेगाने पसरत नाहीत. याचे प्रमुख कारण प्रयोगशाळेत शोधून सापडणार नाही. ते भांडवलाच्या उपलब्धतेत आणि त्याच्या किमतीत आहे. हवामानबदलाविरुद्धच्या लढ्याचा एक मोठा भाग बँकेच्या कर्जविभागात लढला जाणार आहे, असे माझे मत आहे आणि त्याची कारणे येथे मांडावयाची आहेत.

इंधनाच्या जागी व्याज

कोळशावर चालणारे वीजकेंद्र आणि सौर वीजकेंद्र यांच्या खर्चाचे स्वरूप मुळातच भिन्न असते. कोळशाच्या केंद्राला उभारणीचा खर्च येतोच. परंतु त्यानंतर वर्षानुवर्षे कोळसा विकत घ्यावा लागतो. म्हणजे त्याच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्राच्या आयुष्यभर विखुरलेला असतो आणि तो विजेच्या विक्रीतून भागवला जातो. सौर केंद्राला इंधन लागत नाही. सूर्यप्रकाशाचे बिल कोणी पाठवीत नाही. मात्र पॅनेल, त्यांचे सांगाडे, इन्व्हर्टर, तारा, जमीन यांचा जवळजवळ सारा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो आणि तो पुढील वीस-पंचवीस वर्षांत हळूहळू वसूल होतो.

आरंभीच उभी करावी लागणारी ही रक्कम बहुधा कर्जाऊ असते. साहजिकच सौर विजेच्या किमतीत व्याजाला तेच स्थान प्राप्त होते, जे औष्णिक विजेच्या किमतीत कोळशाला असते. एक साधा हिशेब करून पाहू. एक लाख रुपयांचे कर्ज वीस वर्षांत समान वार्षिक हप्त्यांनी फेडावयाचे आहे. व्याजदर ७ टक्के असेल तर वार्षिक हप्ता सुमारे ९,४४० रुपये येतो. तोच दर ११ टक्के झाला तर हप्ता सुमारे १२,५६० रुपये होतो. म्हणजे सूर्य तोच, पॅनेल तेच, छप्पर तेच. केवळ व्याजदरातील चार टक्क्यांच्या फरकाने वार्षिक बोजा एक तृतीयांशाने वाढतो. कोळशाच्या भावात एवढी वाढ झाली असती तर वृत्तपत्रांत मोठे मथळे झळकले असते. व्याजातील फरकाची मात्र कोणी चर्चा करीत नाही.

विकसनशील देशांत भांडवल महाग आणि प्रगत देशांत ते स्वस्त, ही जागतिक वस्तुस्थिती आहे. जेथे ऊन मुबलक तेथे पैसा महाग आणि जेथे पैसा स्वस्त तेथे ऊन दुर्मीळ, असा हा विपरीत योग आहे. हवामानविषयक आंतरराष्ट्रीय परिषदांत अर्थसाहाय्याच्या मुद्द्यावर वर्षानुवर्षे खल होतो, त्याचे मूळ येथे आहे. परंतु तेथील निर्णय होईपर्यंत आपण स्वस्थ बसण्याचे कारण नाही. भांडवलाची किंमत ही मुख्यतः जोखमीवर ठरते आणि जोखीम कमी करणे हे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात, मध्य प्रदेशात घडले.

रीव्याचा धडा

जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानास जानेवारी २०१० मध्ये प्रारंभ झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या पहिल्या लिलावात सौर विजेचा सर्वांत कमी दर प्रतियुनिट १० रुपये ९५ पैसे इतका आला होता. पुढे तो उतरत गेला आणि जानेवारी २०१६ मध्ये राजस्थानातील एका लिलावात ४ रुपये ३४ पैशांपर्यंत खाली आला. त्यानंतर अवघ्या वर्षभराने, फेब्रुवारी २०१७ मध्ये, मध्य प्रदेशातील रीवा येथील ७५० मेगावॅटच्या प्रकल्पासाठी लिलाव झाला आणि पहिल्या वर्षासाठी २ रुपये ९७ पैसे हा दर निघाला.

पॅनेलच्या किमती त्या काळात जगभर उतरत होत्या, हे खरेच आहे. परंतु रीव्यातील घसरणीचे तेवढेच कारण नव्हते. त्या प्रकल्पाच्या आखणीत गुंतवणूकदारांच्या मनातील एकेक भीती ओळखून तिच्यावर उपाय योजण्यात आला होता. वीज घेणाऱ्या कंपनीने पैसे थकवले तर काय, ही पहिली भीती. त्यासाठी पतपत्र, खास राखीव निधी आणि त्यावर राज्य शासनाची हमी अशी तिहेरी तटबंदी उभारण्यात आली. वीज तयार असूनही वाहिनीअभावी ती उचलली गेली नाही तर काय, ही दुसरी भीती. अशा वेळी उत्पादकास भरपाई देण्याची तरतूद करारातच करण्यात आली. जमीन आणि वीजवाहिन्या यांची व्यवस्था आधी करून देण्यात आली. शिवाय दिल्ली मेट्रोसारखा भरवशाचा ग्राहक मिळवण्यात आला. या प्रकल्पाची सुमारे चोवीस टक्के वीज दिल्ली मेट्रोकडे जाते.

यात नव्या यंत्राचा शोध कोठेच नाही. जे घडले ते करारनामा, हमी आणि वसुलीची शाश्वती यांच्या बळावर घडले. बँकिंग व्यवसायात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे नवे नाही. जोखीम डोळेझाक करून नाहीशी होत नाही आणि केवळ तिला घाबरून दार बंद करणे हेही शहाणपणाचे नाही. ती कोणती, किती आणि कोणाच्या खांद्यावर, याचा निकाल लावला म्हणजे व्याजदर आपोआप उतरतो. रीव्याने हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध केले.

दिवसाला दहा रुपये

मोठ्या प्रकल्पांचे दार उघडले. परंतु लहान माणसाचे काय? या प्रश्नाचे उत्तर रीव्याच्याही आधी दक्षिणेत शोधले गेले होते. कर्नाटकात हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये ‘सेल्को’ ही संस्था स्थापन केली. ज्या घरांत वीज पोहोचलेली नाही किंवा पोहोचूनही टिकत नाही, अशा घरांत सौरदिवे बसवण्याचे काम तिने हाती घेतले. या कार्याबद्दल २०११ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बचत गटांचे जाळे विणणाऱ्या जळगाव जिल्ह्यातील बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा याही त्याच वर्षीच्या मानकरी होत्या. दोघांचे कार्यक्षेत्र वेगळे दिसले, तरी त्यांच्या कामाचा गाभा एकच होता: गरिबाच्या मिळकतीच्या तालाशी जुळणारी अर्थव्यवस्था.

हांडे एक अनुभव अनेकदा सांगतात. रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बाईला महिन्याला तीनशे रुपये देणे जड जाते. दिवसाला दहा रुपये देणे मात्र तिला सहज जमते. बेरीज एकच आहे. परंतु तिची मिळकत रोजची असल्याने महिन्याचा हप्ता तिच्या जीवनाशी विसंगत ठरतो. रॉकेलच्या दिव्यावर ती रोज खर्च करीतच असते. तोच पैसा हप्त्याकडे वळवला की सौरदिवा तिच्या आवाक्यात येतो.

एप्रिल २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या साहाय्याने कॅनरा बँक आणि सिंडिकेट बँक यांनी दक्षिण भारतात घरगुती सौरसंचांसाठी कर्जयोजना सुरू केली. तोपर्यंत असे संच बहुधा रोखीनेच विकले जात. या योजनेत व्याजात सवलत देण्यात आली आणि ती कायम न ठेवता टप्प्याटप्प्याने कमी करत नेण्यात आली. काही वर्षांतच सुमारे वीस हजार घरांनी अशी कर्जे घेतली. यांपैकी सिंडिकेट बँक पुढे १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. दारोदार जाऊन रोजची लहान बचत गोळा करणारी पिग्मी ठेव याच सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली होती, हे येथे आवर्जून आठवावेसे वाटते. रोजच्या कमाईतून रोजची बचत ही कल्पना ज्या व्यवस्थेला उमगली, तिला रोजच्या कमाईतून रोजची परतफेड उमगणे अवघड नव्हते.

एलईडी दिव्यांची कथाही याच जातीची आहे. नऊ वॅटचा एलईडी दिवा साठ वॅटच्या जुन्या दिव्याइतका प्रकाश देतो. दिवसाला पाच तास तो वापरला तर वर्षाला सुमारे ९३ युनिट वीज वाचते. तरीही तीनशे रुपयांहून अधिक किंमत असेपर्यंत सामान्य कुटुंबाने त्याकडे पाठच फिरवली होती. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र शासनाने ‘उजाला’ योजना आणली. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी उपक्रमाने कोट्यवधी दिव्यांची एकत्र मागणी नोंदवली. परिणामी २०१४ च्या आरंभी ३१० रुपये असलेला खरेदीदर २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. अनेक राज्यांत ग्राहकाने आरंभी केवळ दहा रुपये द्यावयाचे आणि उरलेली रक्कम वीजबिलातून हप्त्यांनी फेडावयाची, अशी सोय होती. या योजनेखाली आजवर ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले आहेत. आरंभीचा खर्च बाजूला सारताच लोकांनी तंत्रज्ञान किती आनंदाने स्वीकारले, हे यावरून दिसते. लोकांना पर्यावरणाची आस्था नाही, ही तक्रार म्हणूनच मला अन्यायाची वाटते.

छप्पर असलेले आणि नसलेले

आज हाच प्रयोग घरांच्या छपरांवर चालू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘पंतप्रधान सूर्यघर : मोफत वीज योजने’त एक कोटी घरांवर सौरसंच बसवण्याचे उद्दिष्ट असून तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. एक किलोवॅटच्या संचास ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचास ७८ हजार रुपये असे केंद्रीय अनुदान मिळते. तीन किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी तारणाविना सवलतीच्या दराने कर्जाची सोय आहे.

उदाहरणादाखल समजा, तीन किलोवॅटचा संच १ लाख ८० हजार रुपयांना पडला. अनुदान वजा जाता १ लाख २ हजार रुपये उरतात. त्यांपैकी १२ हजार ग्राहकाने घातले आणि ९० हजारांचे कर्ज दहा वर्षांसाठी ७ टक्के दराने घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १,०४५ रुपये बसतो. या संचाने महिन्याला ३०० युनिट वीज वाचवली आणि युनिटचा दर ७ रुपये धरला, तर बिलात २,१०० रुपयांची बचत होते. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून बचत हप्त्याहून अधिक राहते. दहा वर्षांनंतर हप्ता संपतो. पॅनेल मात्र आणखी पंधरा वर्षे वीज देतच राहतात. मधल्या काळात इन्व्हर्टर एकदा बदलावा लागेल, ती रक्कम बाजूला ठेवणे इष्ट. आपल्या देशात जाळ्यातून येणाऱ्या प्रत्येक युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत मिसळतो. त्या हिशेबाने असे एक घर वर्षाला सुमारे अडीच टन कर्बवायू टाळते. हिशेब चोख असला म्हणजे स्वार्थ आणि परमार्थ एकाच वाटेने चालू शकतात.

परंतु येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो आणि त्याकडे आपण पाठ फिरवता कामा नये. या सोयीचा लाभ कोणाला मिळतो? ज्याच्या मालकीचे छप्पर आहे, ज्याचे वीजबिल मोठे आहे आणि ज्याची कागदपत्रे जागच्या जागी आहेत, त्याला. भाड्याच्या खोलीत राहणारे कुटुंब, चाळीतील बिऱ्हाड, पत्र्याच्या घरात राहणारा कारागीर, गावठाणातील घराचा उतारा आजोबांच्या नावे असलेला शेतकरी हे सारे या रांगेच्या बाहेर राहतात. उन्हाळ्याचा दाह सर्वाधिक सोसतात तेच आणि कर्जवायू वाढवण्यात ज्यांचा वाटा नगण्य, तेही तेच. हरित तंत्रज्ञान जर केवळ सुस्थितीतील वर्गाचे बिल कमी करण्याचे साधन ठरले, तर ते हवामानाच्या लढ्यात अपुरे पडेलच, शिवाय समाजात एक नवी दरी निर्माण करील.

यावर मार्ग नाहीत असे नाही. याच योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक सुविधांसाठी प्रतिकिलोवॅट १८ हजार रुपये अनुदानाची तरतूद आहे. उद्वाहक, पाण्याचे पंप, जिन्यातील दिवे यांचा खर्च त्यातून घटला, तर देखभाल शुल्काच्या रूपाने लाभ प्रत्येक सदनिकेपर्यंत पोहोचू शकतो. मात्र संस्थेच्या नावे कर्जप्रस्ताव आला की सर्वसाधारण सभेचा ठराव, पदाधिकाऱ्यांची मुदत, वसुलीची जबाबदारी अशा अनेक बाबी पुढे येतात आणि प्रस्ताव शाखेत रेंगाळतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांची परंपरा ज्या महाराष्ट्रात इतकी रुजलेली आहे, तेथे तरी अशा प्रस्तावांसाठी सुटसुटीत नमुना तयार होण्यास अडचण नसावी.

यंत्र हरित, वापर कसा?

भांडवल मिळाले की सारे साधले, असे मात्र समजू नये. सौर कृषिपंपाचे उदाहरण बोलके आहे. डिझेलचा खर्च वाचतो, रात्री-अपरात्री शेतावर जाण्याचा त्रास टळतो, धूर नाही. हे सारे खरे. परंतु पंप चालवण्यास खर्चच लागत नाही म्हटल्यावर तो बंद कोण करणार? भूजल आधीच खालावलेल्या भागात फुकटच्या उन्हावर दिवसभर उपसा झाला, तर हवा स्वच्छ राहील आणि विहीर कोरडी पडेल.

गुजरातेतील खेडा जिल्ह्यातील ढुंडी या लहानशा गावाने यावर सुंदर तोडगा काढला. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेच्या पुढाकाराने तेथील सहा शेतकऱ्यांनी सौरऊर्जा उत्पादकांची सहकारी मंडळी स्थापन केली. त्यांचे सौरपंप विजेच्या जाळ्याशी जोडण्यात आले. सिंचनाची गरज नसेल तेव्हा तयार होणारी वीज ही मंडळी मध्य गुजरात वीज कंपनीला प्रतियुनिट ४ रुपये ६३ पैसे दराने विकू लागली. त्यामुळे पंप चालवणे फुकट राहिले नाही. पाण्यावर खर्च होणारा प्रत्येक युनिट म्हणजे विक्रीचे बुडालेले उत्पन्न, हे शेतकऱ्याला समजू लागले आणि ऊन हेच त्याचे जादा पीक ठरले. पाणी जपा असा उपदेश करण्याची गरज उरली नाही. हिशेबानेच ते काम केले. दुधाच्या सहकारासाठी विख्यात असलेल्या त्या परिसरात उन्हाचीही सहकारी मंडळी निघावी, हे औचित्यपूर्णच म्हणावे लागेल.

दुसरी उणीव देखभालीची. आपल्याकडे गोबर गॅस संयंत्रांचा प्रसार झाला तेव्हा उभारणीस अनुदान आणि कर्ज दोन्ही मिळत होते. दुरुस्ती करणारा माणूस मात्र जवळपास नसे. टाकीस तडा गेला किंवा घरातील जनावरे कमी झाली, की संयंत्र बंद पडे. अनेक गावांत अशी ओस पडलेली संयंत्रे दिसत. यंत्र बसवणे सोपे. पंधरा वर्षे चालवणे अवघड. सौरपॅनेलवर धूळ बसली तरी उत्पादन घटते. बंद पडलेल्या संचाचा हप्ता भरण्यास कोणीही राजी नसतो. देखभाल हा म्हणूनच केवळ तांत्रिक विषय नाही, तो वसुलीचाही विषय आहे.

तिसरी मर्यादा निसर्गाचीच. जून २०२५ मध्ये भारताच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत अजीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. पॅरिस करारांतर्गत २०३० साठी ठरवलेले उद्दिष्ट आपण पाच वर्षे आधीच गाठले, हे निश्चितच अभिमानास्पद आहे. परंतु क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत अंतर असते. सूर्य मावळतो, वारा पडतो. म्हणून प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या विजेचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग अजूनही कोळशापासूनच येतो. दिवसाची वीज रात्रीसाठी साठवण्याची साधने, मग ती बॅटरी असो किंवा घाटघरसारख्या प्रकल्पात पाणी वर उचलून साठवण्याची पद्धत असो, पुन्हा आरंभीच मोठे भांडवल मागतात. म्हणजे फिरून आपण मूळ मुद्द्यावरच येतो.

आपला वाटा

हरित तंत्रज्ञानाला अर्थसाहाय्य करण्यात बँका सावध असतात, अशी टीका होते. ही सावधगिरी सर्वस्वी चुकीची नाही. बँक जो पैसा कर्जाऊ देते तो ठेवीदारांचा असतो. पृथ्वी वाचवण्याच्या उत्साहात निवृत्त शिक्षकाची ठेव धोक्यात घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु सावधगिरी आणि अनास्था यांतील सीमारेषा ओळखावयास हवी. रिझर्व्ह बँकेने २०१५ पासून नवीकरणीय ऊर्जेसाठीच्या कर्जांना अग्रक्रम क्षेत्रात स्थान दिले आहे. वैयक्तिक कुटुंबांसाठी ही मर्यादा दहा लाख रुपये आहे. नियम अनुकूल आहेत. आता उरतो तो शाखेच्या पातळीवरील व्यवहार.

कर्मचारीबंधूंना आणि भगिनींना यासंदर्भात तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, कर्जदाराची परतफेडीची क्षमता ठरवताना वीजबिलातील किंवा डिझेलच्या खर्चातील बचत हे उत्पन्नच आहे असे मानून तिचा हिशेब धरावा. मागील बारा महिन्यांची बिले हा त्याचा पुरेसा पुरावा ठरतो. दुसरी, निदान पाच वर्षांचा देखभाल करार असल्याखेरीज संचासाठी कर्ज मंजूर करू नये. त्याने ग्राहकाचे आणि बँकेचे, दोघांचेही हित साधेल. तिसरी, हप्त्याचे वेळापत्रक मिळकतीच्या स्वरूपानुसार आखावे. शेतकऱ्याला हंगामी हप्ता, फेरीवाल्याला रोजचा किंवा आठवड्याचा हप्ता देणे आजच्या संगणकीकृत व्यवहारात पूर्वीइतके जिकिरीचे राहिलेले नाही.

ग्राहकांनीही जागरूक राहावे. शेजाऱ्याने बसवला म्हणून संच बसवू नये. आधी आपला वापर तपासावा, साधे पंखे-दिवे बदलून तो किती घटतो ते पाहावे आणि मगच संचाचा आकार ठरवावा. न वापरलेले युनिट हे सर्वांत स्वस्त युनिट असते. गरजा कमी करा म्हणणाऱ्या पक्षाचे म्हणणे येथे सोळा आणे खरे ठरते. अनुदान संच बसवून त्याची तपासणी झाल्यानंतर खात्यात जमा होते, हे ध्यानात ठेवून मधल्या काळातील रकमेची सोय करावी. फार मोठ्या बचतीचे आश्वासन देणाऱ्या विक्रेत्याकडून प्रत्येक गोष्ट लेखी घ्यावी.

आणि ज्यांना कर्ज नको, छप्परही नाही, अशा ठेवीदारांचे काय? त्यांनाही या कार्यात स्थान आहे. रिझर्व्ह बँकेने हरित ठेवींसाठी घालून दिलेली नियमावली १ जून २०२३ पासून अमलात आली. अशा ठेवीतून जमा होणारी रक्कम नवीकरणीय ऊर्जा, ऊर्जाबचत, स्वच्छ वाहतूक, जलव्यवस्थापन अशा ठरावीक कामांसाठीच वापरावयाची असते आणि त्या विनियोगाची दरवर्षी त्रयस्थाकडून पडताळणी करावी लागते. आपली ठेव कोठे जाते हे विचारण्याचा हक्क ठेवीदाराला असतो. परंतु तो हक्क आपण क्वचितच बजावतो. ठेव ठेवताना व्याजदर विचारावाच. त्याबरोबर हा पैसा कोणत्या कामी लागणार, हा प्रश्नही विचारावा. शेकडो ठेवीदारांनी तो विचारला, तर त्याचे उत्तर देण्याची तयारी बँकांना करावीच लागेल.

शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे सहकारी पतपेढ्या निघाल्या त्या शेतकऱ्याला सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी. तेव्हाही बियाणे होते, जमीन होती, कष्ट करणारे हात होते. उणीव होती ती रास्त दराच्या भांडवलाची. आजची परिस्थिती फारशी निराळी नाही. ऊन आहे, वारा आहे, यंत्रे आहेत आणि ती वापरण्यास उत्सुक असलेली माणसेही आहेत. त्यांच्यामध्ये उभे असलेले व्याजाचे आणि कागदपत्रांचे कुंपण जितके ठेंगणे करता येईल, तितकी पुढच्या पिढीच्या डोक्यावरील उन्हाची तीव्रता कमी होईल. हे काम दिल्लीत किंवा जागतिक परिषदेत जितके व्हावयाचे आहे, तितकेच ते आपल्या गावातील शाखेत, एकेका कर्जप्रस्तावाच्या टिपणात व्हावयाचे आहे.